ओसरीवरचा अभिप्राय

इ. स. १८४२ मध्ये कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले, आणि पाहून झाल्यावर त्यांचे मत असे पडले की, कथानके चांगली असली तरी मांडणी ओबडधोबड आहे. यापेक्षा सुसंस्कृत असा खेळ आपल्या भाषेत, आपल्या पदरच्या माणसांकडून बसवून घेता आला तर पाहावा. विष्णुदास अमृत भावे या नावाचा, मूर्ती आणि बाहुल्या घडविण्यात हात बसलेला एक तरुण त्यांच्या आश्रयाला होता. त्याला तशी आज्ञा झाली, आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. तो दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, आणि त्याच तारखेस सांगलीत भाव्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. नाट्येतिहासाचे अभ्यासक या प्रसंगातील आज्ञेवर बोट ठेवतात, आणि ते योग्यही आहे. परंतु माझे लक्ष नेहमी त्या आज्ञेच्या आधीच्या क्षणाकडे जाते, ज्या क्षणी एका प्रेक्षकाने खेळ पाहून जवळच्या मंडळींना, काय रुचले आणि काय खुपले, हे सरळ सांगून टाकले.

तो अभिप्राय कोणा टीकाकाराचा नव्हता. त्याला भरतमुनींचा आधार नव्हता, वर्तमानपत्राचा रकाना नव्हता आणि मोबदलाही नव्हता. आपल्याच घरी, आपल्याच माणसांत बसून खेळ पाहावा आणि तो संपताच त्याविषयी मोकळेपणाने बोलावे, एवढाच तो व्यवहार. फरक इतकाच की बोलणारा संस्थानाधिपती असल्यामुळे त्याच्या बोलण्याला फळ आले. या जातीच्या बोलण्याला मी ओसरीवरचा अभिप्राय म्हणतो. कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीच्या मुलुखात हा अभिप्राय कसा वाढला, मध्ये कोठे दबून राहिला आणि पुन्हा कोणाच्या तोंडून प्रकट झाला, याचा माग काढावा असे फार दिवसांपासून मनात होते. हे दोन जिल्हे मी एकत्र घेतो याचे नवल वाटू नये. जत, मिरज, सांगली, औंध, फलटण अशी लहानमोठी संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये साताऱ्यापासून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा वेगळा काढण्यात आला, आणि त्याला सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. माणदेश आणि कृष्णा-वारणेचे खोरे यांतील माणसांची बोलण्याची तऱ्हा या वाटणीने बदलली नाही.

आप्पासाहेब १८५१ मध्ये निवर्तले, राजाश्रय आटला, आणि भाव्यांना आपली मंडळी घेऊन परमुलुखी हिंडावे लागले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक वाड्याबाहेर पडले ते असे. तिकीट आल्याबरोबर खेळ कोणा एकाचा न राहता सर्वांचा झाला, हा लाभ फार मोठा, आणि त्याच्या पोटातूनच पुढे हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचे आणि सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे वैभव जन्माला आले. तथापि त्याचबरोबर अभिप्रायही घर सोडून गेला. तो आता नाट्यगृहाच्या आवारात, पेठेतल्या पानाच्या दुकानापुढे आणि कचेरीत दप्तर उघडण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात व्यक्त होऊ लागला. म्हणजेच तो पुरुषांचा झाला.

चित्रपट आल्यावर हे अधिकच घडले. बोलपटाच्या आरंभकाळी सांगली केवळ प्रेक्षकांचे गाव नव्हते. मास्टर दीनानाथांनी नाटक मंडळीचा पसारा आवरून तेथे ‘बलवंत पिक्चर्स’ काढली आणि १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आणले. त्या साहसात त्यांना जी खोट बसली, तिची कथा फार करुण आहे. किर्लोस्करवाडीहून १९२० पासून निघणारे ‘किर्लोस्कर’ आणि १९३० पासून निघणारी ‘स्त्री’ ही मासिके घरोघर जात आणि शिकलेल्या बायका ती अक्षर अक्षर वाचीत. परंतु सर्वसामान्य घरातील गृहिणीला बोलपटाविषयी जे कळे ते, रात्रीचा खेळ पाहून बाराच्या सुमारास परतलेल्या पुरुषाच्या तोंडून. तो पायांवर पाणी घेई आणि ‘बरा होता’ एवढे म्हणून आडवा होई. अडीच-तीन तासांच्या त्या अद्भुत सृष्टीतून घरच्या स्त्रीच्या वाट्याला हे दोन शब्द येत. माझ्या आजीला तिच्या तरुणपणच्या कित्येक प्रसिद्ध चित्रपटांविषयी केवळ ते बरे होते एवढेच ठाऊक होते, हे तिने मला सांगितले तेव्हा तिच्या स्वरात तक्रार नव्हती. पण मला मात्र ते फार लागले.

याला एक मोठा अपवाद होता, तो जत्रेतल्या तंबूचा. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ, पालच्या खंडोबाचे लग्न, जतची यल्लम्मा, खरसुंडीचा जनावरांचा बाजार, अशा ठिकाणी देव आणि बैल यांच्या निमित्ताने सबंध कुटुंबे गाडी जुंपून येत, आणि तेथे फिरत्या टॉकीजचे तंबू उभे असत. दिवसभर कर्ण्यावरून चित्रपटाची ललकारी चाले. अंधार पडल्यावर कापडी पडदा ताणला जाई, मधोमध दोर बांधून एकीकडे पुरुष आणि दुसरीकडे बायका बसत, आणि एकच यंत्र असल्यामुळे रीळ संपले की खेळ थांबे. त्या थांबण्यातच अभिप्रायाला तोंड फुटे. पुढच्या रिळाचे टोक यंत्रात ओवले जाईपर्यंत दोराच्या अलीकडे-पलीकडे नायकाने काय करायला हवे होते याची भवती न भवती चाले, आणि कोणी जाणता, हा खेळ आधीच्या जत्रेत पाहिलेला गडी, पुढची गोष्ट फोडू लागला की त्याला गप्प बसविले जाई. परतीच्या वाटेवर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या नादात, तीच चर्चा गाव येईपर्यंत पुरे.

या तंबूंचा सरकारी इतिहास लिहिणे सोपे आहे. १९५३ च्या मुंबई सिनेमा नियमन कायद्याखाली त्यांना परवाना लागे, १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली कर भरावा लागे, आणि तिकिटांच्या पुस्तकांची तपासणी करायला अंमलदार येत. परवाना किती दिवसांचा, तिकिटे किती खपली, कर किती वसूल झाला, यांना त्या दप्तरात जागा होती. तंबूतल्या बाईला खेळ कसा वाटला याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता. म्हणून या अभिप्रायाचा इतिहास आठवणींवरच उभारावा लागतो, आणि ज्यांच्यापाशी त्या आठवणी आहेत ती माणसे आता थोडी उरली आहेत.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्याचे सहप्रक्षेपण होऊ लागले. १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली, आणि साखर कारखान्याच्या ऊसबिलातून किंवा मुंबईला गोदीत-गिरणीत असलेल्या मुलाच्या बोनसमधून खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी संच आले. शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट हा त्या काळचा परिपाठ. ज्याच्या घरी संच त्याच्या सोप्यात सारी आळी. पोरे पुढे जमिनीवर, म्हातारी माणसे भिंतीला टेकून, सुना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. आणि एक पोरगा कौलांवर, अँटेना फिरवीत. खालून ‘आलं, आलं’ असा पुकारा झाला की त्याने हात सोडायचा आणि सोडला की पडद्यावर पुन्हा मुंग्या यायच्या. मध्येच बातम्यांसाठी चित्रपट थांबे. त्या अवधीत भाकरी थापल्या जात, आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता चित्रपटाच्या पूर्वार्धावर जे निवाडे होत त्यांची सर नंतर वाचलेल्या कित्येक छापील परीक्षणांना मला आढळली नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट मांडली पाहिजे, कारण तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. चित्रपट घरात आला त्या दिवशी या मुलुखातील स्त्रीला, आणि टॉकीजच्या पायऱ्या न चढणाऱ्या वृद्धांना, पन्नास वर्षांनी प्रथमच वर्षभर, दर आठवड्याला, अभिप्राय देण्याचा अधिकार मिळाला. आणि तो त्यांनी असा वापरला की, ‘बरा होता’ म्हणून झोपी जाणाऱ्या पुरुषाचे मत घरातल्या घरात फिके पडले. शहरी विद्वानांना दूरचित्रवाणीमुळे अभिरुची बिघडल्याचे दुःख वाटते. त्यांनी त्या उंबऱ्यावर बसून पाहायला हवे होते.

मग व्हिडिओ आला. संच, यंत्र आणि तीन-चार कॅसेट असा सगळा सरंजाम रात्रीपुरता भाड्याने मिळे, आणि गणेशोत्सवात, बारशाला किंवा सत्यनारायणाच्या रात्री वर्गणी काढून तो आणला जाई. या कॅसेटींपैकी कितीतरी चोरट्या असत. १९८४ मध्ये स्वामित्वहक्काचा कायदा दुरुस्त करून सरकारने त्याला पायबंद घालण्याचा यत्न केला, कॅसेटवर निर्मात्याचा तपशील छापणे सक्तीचे केले, पण तालुक्याच्या गावी त्या कायद्याचा हात पोहोचायला फार उशीर झाला. हे समर्थनीय नव्हते, आणि ज्यांच्या कष्टाचे पैसे बुडाले त्यांच्या बाजूनेच न्याय होता. तरीही आमच्या पिढीची चित्रपटांची ओळख त्याच वाटेने झाली, हेही खरे.

साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात १९९० नंतरच्या एका गणेशोत्सवात आणलेल्या व्हिडिओची रात्र मला ठळक आठवते. ‘अशी ही बनवाबनवी’ आधी लावावा की ‘माहेरची साडी’, यावर वाद झाला आणि बायकांचे बहुमत पडून ‘माहेरची साडी’ आधी लागला. १९९१ च्या या चित्रपटाने महाराष्ट्रभर आयाबायांना रडविले होते. तो मुळात एका राजस्थानी चित्रपटावरून घेतलेला, हे तेव्हा आम्हांला कोणालाही ठाऊक नव्हते. कॅसेट पुष्कळ घरे फिरून आलेली, मध्येच पडद्यावर पांढऱ्या रेघा धावत, आणि यंत्रवाला मुलगा ती बाहेर काढून, झाकणी उचलून, फितीवर हलकी फुंकर मारून पुन्हा आत सारी. बहुतेक जणी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या. आजी मात्र ताठ बसून पाहत होती. चित्रपट संपला, दिवा लागला, आणि कोणीतरी तिला विचारले, ‘काय वाटलं?’ ती म्हणाली, ‘सासू वाईट असली तरी इतकी ओरडत नाही. खरी वाईट सासू हळू बोलते.’

वाड्यात क्षणभर कोणी बोलले नाही. तिच्या सुना तेथेच बसल्या होत्या आणि तिची स्वतःची सासू जाऊन चाळीस वर्षे झाली होती. त्या एका वाक्यात अभिनयाविषयी, अतिरेकाविषयी आणि वास्तवाविषयी जे होते, ते समजण्याइतके माझे वय नव्हते. पुढे नाटकांची पुस्तके वाचताना ‘खलपात्राचा संयम’ अशा अर्थाचे काही आले की मला ते वाक्य आठवे. शेजारच्या काकूंचा आक्षेप निराळा होता. नवऱ्यामागे मोलमजुरी करणाऱ्या बाईच्या पातळाला इस्त्री कोठून आली, असे त्या कोणत्याही चित्रपटाविषयी विचारीत, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणारा कोणी निघाला नाही. पुरुषमंडळींचे शब्द ठरलेले होते: ‘चालंल’, ‘टुकार हाय’, ‘लई भारी’, ‘पैसे वसूल’. यात निवाडा होता, कारण नव्हते. कारण देण्याची सवय बायकांनी लावली, असे मी अनुभवाने म्हणतो.

या मुलुखातील अभिप्रायाचा आणखी एक विशेष आहे, आणि तो इतर ठिकाणी तितका आढळायचा नाही. येथील माणूस चित्रपटात आपली जागा शोधतो, कारण ती तेथे खरोखरच असते. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्या मुळाशी औंध संस्थानाने आटपाडीजवळ १९३९ मध्ये वसविलेली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत. बर्लिनपर्यंत गाजलेला तो चित्रपट दूरदर्शनवर लागला की माणदेशातल्या घराघरांत त्याचे कौतुक व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाआधी स्वतंत्रपूरच्या विहिरी आणि बांध यांच्या संदर्भाने होई. ज्याच्या चुलत्याने ती वसाहत पाहिली होती तो त्या रात्रीचा प्रमुख वक्ता. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केलेला चित्रपट पाहताना एका मेंढपाळ गृहस्थांनी माझ्याजवळ केवळ मेंढरांविषयी मत दिले, की कळप घाबरला म्हणजे कसा दाटतो ते बरोबर आले आहे. मला ते मत फार मोलाचे वाटले. ज्याला जे ठाऊक त्यावरच त्याने बोलावे, हा ओसरीवरच्या अभिप्रायाचा अलिखित नियम त्यांनी पाळला होता.

वाईची गोष्ट तर अधिक मौजेची. ‘गंगाजल’मध्ये वाई बिहारातले गाव झाली, ‘दबंग’मध्ये उत्तर प्रदेशातले, आणि ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा, नाना फडणविसांनी बांधलेला घाट चरणपूर नावाच्या गावाचा घाट झाला. हे चित्रपट केबलवर लागले की वाईकर कथेकडे पाहतच नसत. हा अमक्याचा बोळ, ही ढोल्या गणपतीमागची भिंत, गर्दीत उभा आहे तो आपला पोस्टातला, असे शोध लागत. मेणवलीच्या घाटावरच्या मंदिरात वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे, ती मात्र कॅमेऱ्याने दाखवायला हवी होती, असे एका निवृत्त शिक्षकांनी मला दोनदा बजावले. या अभिप्रायाला कोणी बालिश म्हणेल. मला त्यात आपल्या भूमीविषयीचा जागता अभिमान दिसतो, आणि परक्या गावाचे नाव घेऊन पडद्यावर गेलेल्या आपल्या दगडांना पुन्हा त्यांच्या नावाने हाक मारण्याचा आग्रह दिसतो.

केबल, तबकड्या आणि दिवसाला चार चित्रपट दाखविणाऱ्या वाहिन्या यांचा काळ मी भराभर ओलांडतो. चित्रपट स्वस्त झाला आणि त्याविषयीचे बोलणे विरळ झाले. कोठूनही सुरू करावा, कोठेही सोडावा, अशा पाहण्याला शेवट नसतो, आणि शेवट नसला की अभिप्रायही नसतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीने एक विलक्षण गोष्ट केली. इस्लामपुरात रुग्ण सापडून सांगली जिल्हा हादरला, सारे घरात कोंडले गेले, आणि दूरदर्शनने पुन्हा लावलेल्या ‘रामायणा’पुढे तीन पिढ्या एकत्र बसल्या. भाव्यांच्या सीतास्वयंवराच्या गावी, पावणेदोनशे वर्षांनी, घरोघर पुन्हा सीतेचे स्वयंवर पाहिले गेले, आणि १९८७ मध्ये संचाला हार घालणाऱ्या आज्या आता नातवंडांना कोणता बाण केव्हा सुटणार ते आधीच सांगत होत्या.

त्यानंतर चित्रपट तळहातावर आला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळवून २०२१ मध्ये थेट घरात दाखल झाला. शास्त्रीय गायनात आयुष्य घालवूनही हाती फारसे न लागलेल्या एका शिष्याची ही कथा. मिरजेत, जेथे तंबोरे आणि सतारी पिढ्यान् पिढ्या घडविल्या जातात, तेथल्या एका वृद्ध कारागिराला मी तो पाहायला सांगितला. फोनच्या लहानशा ध्वनिवर्धकातून खर्जाची तार ऐकू येईना, म्हणून त्यांनी नातवाकडून कानात घालायची यंत्रे मागून घेतली आणि दोन रात्रींत चित्रपट पुरा केला. ‘जवारी चांगली आहे,’ ते म्हणाले. ‘तंबोरा बोलतो. पोरगा गात नाही म्हणून रडायचं कारण नाही, त्याच्या मागं तंबोरा नीट लागलेला आहे.’ एवढे सखोल परीक्षण, आणि ते घरातल्या कोणी ऐकले नव्हते. कारण चित्रपट कानातून कानातच राहिला होता. भिंतीपलीकडे सून दुसऱ्या फोनवर दुसरे काही पाहत होती.

गेल्या पावसाळ्यात वाईला गणपती आळीतल्या एका परिचित घरी मी दोन दिवस होतो. तेथल्या आजी मूळच्या पसरणीच्या, म्हणजे शाहीर साबळ्यांच्या गावच्या. केदार शिंदे यांनी आपल्या या आजोबांवर केलेला २०२३ चा ‘महाराष्ट्र शाहीर’ त्यांनी पाहिला नव्हता. बाहेर संततधार, वीज येतजात होती, तेव्हा घरातल्या मोठ्या संचावर तो लावला आणि नातसून, मुलगा, शेजारची दोन माणसे असे सगळे बसले. दोन तास आजींनी एक शब्द काढला नाही. मध्ये वीज गेली तेव्हा अंधारात त्या एवढेच म्हणाल्या की, शाहिरांच्या आजीला गाणे आवडत नव्हते हे खरेच आहे, गावात सांगत. चित्रपट संपल्यावर नातसुनेने विचारले, कसा वाटला? शाहीर झालेल्या अंकुशने जीव ओतला आहे, गाणी गोड आहेत, पण पसरणीचा वारा त्यात पुरता आला नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. वारा कसा दाखवणार, असे मुलगा म्हणाला. ‘घाटातनं येतो तेव्हा बाईमाणसाला पदर दातात धरावा लागतो,’ त्या म्हणाल्या. ‘तसा एकीनंही धरला नाही.’ यावर नातसुनेने, मुंबईच्या नट्यांना ते कोण सांगणार, असा मुद्दा काढला. शेजारच्या गृहस्थांनी शाहिरांची मुक्तनाट्ये आणखी यायला हवी होती असे सांगितले. आणि अर्धा तास बोलणे चालले. चहा झाला. मुलगा संच बंद करायला उठला तेव्हा आजींनी त्याला थांबविले आणि शेवटी जी नावे धावत जातात ती पुन्हा, सावकाश लावता येतील का, असे विचारले. पसरणीच्या कोणाचे आभार मानले आहेत का, ते त्यांना वाचायचे होते.